सुशिक्षण कशावरून पारखावे? निमित्त : १ योहान ५:७

नगरचा_थोमा

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या बुधवारच्या अभ्यासवर्गात सध्या योहानाचे पहिले पत्र चालू आहे. पाचव्या अध्यायाशी आलो आणि गाडी अडली. माझ्याकडे वडिलांचे जुने इंग्रजी किंग जेम्स बायबल आहे. त्यात सातव्या वचनात स्वर्गात साक्ष देणारे तिघे, म्हणजे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत, असे स्पष्ट छापलेले आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात मात्र तेथे केवळ आत्मा, पाणी व रक्त यांची साक्ष आहे. पिता, शब्द, स्वर्ग यांपैकी काहीच नाही.

पाहुणे म्हणून आलेल्या एका सुवार्तिकांनी लगेच सांगितले की नव्या आवृत्त्यांनी त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे एकच देव, या शिकवणीचे) वचन कापून टाकले. मागच्या बाकावरच्या एका महाविद्यालयीन मुलाने मोबाइलवर काहीतरी वाचून उत्तर दिले की वचन कापलेले नाही, ते मुळातच मागाहून घुसडलेले आहे आणि म्हणून त्रैक्यही मागाहूनच घुसडलेले आहे. दोघेही तावातावाने बोलले. घरी येताना मला जाणवले की दोघांचे गृहीतक एकच होते : हे एक वचन गेले की सिद्धांतही गेला.

प्रेषित पौल तीताला लिहिलेल्या पत्रात सुशिक्षणाला शोभेल असेच बोलायला सांगतो. ते सुशिक्षण आम्ही पारखायचे कशाने? सर्वांत जुन्या हस्तलिखितांनी, आरंभीच्या मंडळीतील लेखकांनी, की धर्मसभांच्या ठरावांनी? जाणकारांनी सविस्तर लिहावे. पुढचा वर्ग मला घ्यायचा आहे.

पोथीशाळा

मी ख्रिस्ती नाही, परंतु जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांवर काही वर्षे काम केले आहे, त्यामुळे पहिल्या भागाविषयी लिहितो.

तुमच्या वर्गातील मुलगा वचनाविषयी बरोबर आहे. हा मजकूर ज्यांच्या मूळ ओळींत आहे अशी ग्रीक हस्तलिखिते बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांतले एकही चौदाव्या शतकापूर्वीचे नाही. एका दहाव्या शतकातील प्रतीत तो आढळतो, पण समासात, नंतरच्या हाताने लिहिलेला. चौथ्या शतकातील सिनायटिकस व व्हॅटिकनस आणि पाचव्या शतकातील अलेक्झांड्रिनस या तिन्ही कोडेक्समध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या बांधीव हस्तलिखितांमध्ये, तो नाही. लॅटिन परंपरेत मात्र तो लवकर दिसतो. इ.स. ३८०च्या सुमारास स्पेनमधील प्रिसिलियनच्या लेखनात तो स्पष्टपणे येतो. आत्मा, पाणी व रक्त यांचा अर्थ लावणारी कोणाची तरी टीप समासात होती आणि पुढच्या नकलाकाराने ती मजकुरात ओढून घेतली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पोथ्यांवर काम करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. समासातली टीप नकलाकाराला कायम सुटलेली ओळ वाटते, आणि सुटलेली ओळ गाळण्याचे पाप कोणी डोक्यावर घेत नाही. म्हणूनच पोथी साधारणपणे वाढत जाते.

ज्ञानेश्वरीचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि यापुढे जो तीत स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असे बजावले. भेसळ झाली होती म्हणून त्यांनी ज्ञानेश्वरांचे तत्त्वज्ञान खोटे ठरवले नाही, आणि तत्त्वज्ञान खरे आहे म्हणून भेसळीच्या ओव्याही ठेवल्या नाहीत. तुमच्या दोन्ही पक्षांनी या गोष्टीचा विचार करावा.

बोरू_आणि_शाई

याच्याशी जोडलेली एक गंमत सांगतो. एरास्मस या डच विद्वानाने १५१६ आणि १५१९ मध्ये छापलेल्या ग्रीक नव्या करारात हे वचन नव्हते. त्यावर गहजब झाला, तेव्हा त्याने वचन दिले की एक जरी ग्रीक हस्तलिखित दाखवले तरी मी ते घालीन. मग कोणीतरी ताज्या शाईचे हस्तलिखित तयार करून आणले आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत बिचाऱ्याला शब्द पाळावा लागला. किंग जेम्सच्या भाषांतरकारांपर्यंत वचन पोहोचले ते याच वाटेने.

तळटीप

बोरू, गोष्ट रंगतदार आहे, पण तिचा मधला भाग पुराव्यावर टिकत नाही. हेंक यान दे योंगे या डच अभ्यासकाने १९८० मध्ये एरास्मसचे लेखन तपासून दाखवले की त्याने असे वचन दिल्याचा आधार त्यात मिळत नाही. आपल्यावर पाखंडाचा आरोप येऊन सारे काम बदनाम होऊ नये म्हणून त्याने ते वाक्य घेतले, आणि ज्या हस्तलिखितावरून घेतले त्याविषयीचा संशयही टिपांत नोंदवला. ते हस्तलिखित साधारण १५२० चे असून आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्रैक्याच्या वचनासाठी त्रैक्याच्याच नावाचे महाविद्यालय मिळावे, हा योगायोग मात्र खरा आहे.

भेसळ उघड करण्यासाठी सांगितली जाणारी गोष्टच भेसळीची निघाली, हे या धाग्यात नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

बोरू_आणि_शाई

मान्य. दहा वर्षे हीच गोष्ट मी व्याख्यानांत सांगत आलो. आता कोणाकोणाला फोन करू?

वाडवळ_वसई

नमस्कार. कॅथलिक बाजूने लिहितो, आणि आधी आमच्याच घरातले सांगतो. १५९२ च्या अधिकृत लॅटिन बायबलमध्ये हे वचन होते. १८९७ च्या जानेवारीत रोमच्या होली ऑफिसने, म्हणजे शिकवणीवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाने, असा निर्णय दिला की त्याचा अस्सलपणा निर्धोकपणे नाकारता येणार नाही. १९२७ मध्ये खुलासा करून अभ्यासकांना विरुद्ध मत मांडण्याची मोकळीक दिली गेली, आणि १९७९ च्या नव्या लॅटिन आवृत्तीत ते वचन नाही. म्हणजे आमच्याकडे अधिकाराने दार लावले गेले आणि तीस वर्षांनी अधिकारानेच ते किलकिले केले.

तरीही मूळ प्रश्नाचे माझे उत्तर हस्तलिखितांपाशी थांबत नाही. इ.स. १८०च्या सुमारास लियोंचा बिशप इरेनियस लिहितो की अनेक रानटी जमातींनी कागद आणि शाईवाचून विश्वास स्वीकारला आहे, आणि प्रेषितांकडून आलेली शिकवण त्या काळजीपूर्वक जपतात. त्या शिकवणीच्या आराखड्याला तो सत्याचा नियम म्हणतो. एकच निर्माता पिता, देहधारी झालेला पुत्र ख्रिस्त येशू, आणि संदेष्ट्यांच्या द्वारे बोललेला पवित्र आत्मा, अशी त्याची मांडणी आहे. पुत्र व पिता यांच्या नात्यावर ठराव करणारी नायसियाची धर्मसभा भरायला तेव्हा जवळजवळ दीडशे वर्षे अवकाश होता. ज्या मुलाने त्रैक्य मागाहून घुसडले असे म्हटले, त्याला हा उतारा वाचायला द्या.

कोणती शिकवण खरी, यासाठी लेरँच्या व्हिन्सेंटने इ.स. ४३४ मध्ये दिलेली कसोटी अशी : जे सर्वत्र, सर्वकाळ आणि सर्वांनी मानले ते. बायबलचा आधार तर पाखंडीही देतात, मग अर्थ कोणाचा धरायचा, हाच त्याचा प्रश्न होता.

शंकेखोर

वाडवळ, तुमच्याविषयी आदर आहे, पण इरेनियसला साक्षीला बोलावले आहे तर त्याची उलटतपासणीही होऊ द्या. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात तो सांगतो की प्रभू येशू पन्नाशीच्या जवळ पोहोचेपर्यंत शिकवत होता, आणि ही माहिती आशियातील वडीलजनांनी खुद्द योहानाकडून ऐकून दिली आहे. हे आज कोणती मंडळी मानते? म्हणजे आरंभीचा लेखक, प्रेषितांपासून जेमतेम दोन पिढ्यांवरचा, परंपरेचा दाखला देऊन बोलतो आणि तरी चुकतो. जुने तेवढे खरे, हे माप येथेच मोडले.

दुसरे असे की मंडळीचे लेखनही नकलाकारांच्याच हातून आले आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा बिशप, अंत्युखियाचा इग्नेशियस, याची पत्रे शतकानुशतके फुगवलेल्या रूपात वाचली जात होती. त्यांत कोणीतरी चौथ्या शतकात स्वतःचा मजकूर घातला होता आणि काही पत्रे तर संपूर्ण बनावट होती. १६४४ मध्ये जेम्स अशरने जुन्या लॅटिन भाषांतराच्या आधारे खरी पत्रे वेगळी काढायला आरंभ केला, आणि आज बहुतेक जण सात पत्रे अस्सल मानतात. तेव्हा हस्तलिखितांवर विश्वास नाही म्हणून मंडळीच्या लेखनाकडे जावे, तर तेथेही दारात हस्तलिखितच उभे असते.

वाडवळ_वसई

पन्नाशीचा मुद्दा मान्य. पण शंकेखोर, तो व्हिन्सेंटच्या कसोटीतच बाद होतो. इरेनियसचे ते मत मंडळीने पुढे नेले नाही आणि त्याचा सत्याचा नियम नेला. मी एका लेखकाची साक्ष धरत नाही, अनेकांच्या साक्षीत जे समान आहे ते धरतो.

शंकेखोर

ते समान काय आहे हे ठरवणारी मंडळी म्हणजे पुन्हा तुमचीच, एवढी एक अडचण उरते. :)

सिरीयन_पुणेकर

आमचे घराणे केरळचे, मी वाढलो खडकीत. आमच्या उपासनेत अजूनही सुरियानीचे शब्द आहेत, म्हणून त्या बाजूची भर घालतो.

जुन्या पेशित्तामध्ये, म्हणजे सुरियानी बायबलमध्ये, १ योहान ५ चे हे वाक्य नाही. इतकेच नव्हे, तर त्या नव्या करारात पुस्तकेच बावीस होती. पेत्राचे दुसरे पत्र, योहानाचे दुसरे व तिसरे, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण ही पाच तीत नव्हती. तरीही पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्यात आमच्या पूर्वजांना कधी अडचण आली नाही. ज्यांच्या हाती ते वचन कधीच नव्हते त्यांनीही तोच विश्वास धरला, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

मोबाइलवाला

मी तोच मागच्या बाकावरचा मुलगा. :) थोमाकाकांनी दुवा पाठवला म्हणून सदस्य झालो. मी वाचले होते की नायसियाच्या सभेत कॉन्स्टंटाइन बादशहाने कोणती पुस्तके ठेवायची ते ठरवले आणि मतदानाने येशूला देव केले. हे सुद्धा चूक आहे का?

तळटीप

स्वागत. पहिला भाग चूकच आहे. इ.स. ३२५ च्या सभेने पुस्तकांची यादी केली नाही. आपण आज मानतो तीच नव्या करारातील सत्तावीस पुस्तके नेमकी नोंदवणारी पहिली ज्ञात यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ.स. ३६७ च्या ईस्टर पत्रात आहे. दिदाखे (आरंभीच्या मंडळीचे छोटे शिक्षणपुस्तक) आणि हर्मसचा ‘मेंढपाळ’ ही पुस्तके नवशिक्यांनी वाचावीत, पण ती यादीत नाहीत, असेही तो सांगतो. आता गंमत पाहा : सिनायटिकस या थोर हस्तलिखितात नव्या करारानंतर बर्णबाचे पत्र आणि तोच ‘मेंढपाळ’ बांधलेला आहे. हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याआड आहे तेवढे सगळे शास्त्र, असे माप लावले तर तुम्हाला ‘मेंढपाळ’ही घ्यावा लागेल.

दुसरा भाग अर्धवट आहे. सभेपुढचा प्रश्न येशूला देव करावे की नाही हा नव्हता. ज्याच्या शिकवणीवरून सभा भरली तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियसही त्याला सामान्य माणूस मानत नव्हता. तो त्याला सर्व सृष्टीच्या आधी निर्माण झालेला मानत होता. सभेने पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असा शब्द घातला. हा ग्रीक शब्द बायबलमध्ये नाही, आणि इ.स. २६८ मध्ये अंत्युखियाच्या सभेने तेथील बिशप, सामोसाताचा पौल, याच्याविरुद्ध निर्णय देताना तोच नाकारला होता, असे चौथ्या शतकातील लेखक सांगतात. जो शब्द एका सभेने टाकला तो दुसऱ्या सभेने वेगळ्या अर्थाने उचलला. पारख शब्दाची नसून तो शब्द कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो याची असते.

थोमांच्या मूळ वचनाबाबत सर्वांत बोलका पुरावाही येथेच मिळतो. चौथ्या शतकात एरियसच्या अनुयायांशी पन्नास-साठ वर्षे वाद चालला. एकेका वचनावर अथनेशियसने पानेच्या पाने लिहिली. हे तिघे एक आहेत असे सरळ सांगणारे वाक्य त्याच्या योहानात असते, तर त्याने ते पहिल्याच पानावर आपटले असते. त्याने ते एकदाही वापरले नाही. म्हणजे वाक्य त्याच्यापुढे नव्हते आणि सिद्धांत मात्र होता.

मोबाइलवाला

हे पटले. पुढच्या बुधवारी माझे अर्धे बोलणे मी मागे घेईन. अर्धेच.

पोथीशाळा

तळटीप यांनी शब्दांविषयी लिहिले, मी एका अक्षराविषयी लिहितो. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, ३:१६ येथे, काही हस्तलिखिते ‘देव देहात प्रकट झाला’ असे वाचतात आणि सर्वांत जुनी ‘जो देहात प्रकट झाला’ असे. ग्रीकमध्ये ‘जो’ हा शब्द ओमिक्रॉन आणि सिग्मा या दोन अक्षरांचा. ‘देव’ हा शब्द नकलाकार आदराने संक्षेपात, थीटा आणि सिग्मा एवढेच लिहून वर आडवी रेघ देऊन लिहीत. ओमिक्रॉन म्हणजे नुसते वर्तुळ, आणि त्याच्या पोटात आडवी रेघ दिली की थीटा. आपल्याकडे ‘व’च्या पोटात रेघ दिली की ‘ब’ होतो, अगदी तसेच. पोथीत ‘वाळ’ आहे की ‘बाळ’ यावर मी आख्खी दुपार घालवलेली आहे.

अलेक्झांड्रिनसमध्ये ही रेघ आहे की नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला, कारण चर्मपत्राच्या मागच्या बाजूच्या अक्षराची रेघ नेमकी तेथे पुढे उमटून दिसते असे काहींचे म्हणणे होते. सिनायटिकसमध्ये मूळ हाताने ‘जो’ लिहिले आहे आणि कित्येक शतकांनी दुसऱ्या कोणीतरी वर बारीक थीटा काढला आहे. ब्रिटिश ग्रंथालयातील या हस्तलिखिताची पाने आता इंटरनेटवर मोठी करून पाहता येतात. थोमा, वर्गात भिंतीवर हे एक पान दाखवा. तासभर बोलण्याचे काम ते करील.

बोरू_आणि_शाई

याच दोन वचनांवर, म्हणजे १ योहान ५:७ आणि १ तीमथ्य ३:१६ यांवर, आयझॅक न्यूटनने १६९० मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्ररूपाने मोठा निबंध पाठवला होता. तो छापला गेला १७५४ मध्ये, न्यूटनच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. न्यूटन स्वतः त्रैक्य मानत नव्हता. हे मी या वेळी तपासून लिहीत आहे.

शंकेखोर

म्हणजे न्यूटनचे वचनांविषयीचे निष्कर्ष आज बहुतेक सगळे स्वीकारतात, आणि त्यावरून त्याने काढलेला सिद्धांत ख्रिस्ती मंडळ्या स्वीकारत नाहीत. पाठ ठरवणे आणि सिद्धांत ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे यातून दिसते एवढे मी वाडवळांना द्यायला तयार आहे.

सुईण_बाई

मी नर्स आहे, धर्मशास्त्र शिकलेली नाही. एक व्यवहाराचा प्रश्न विचारते. मार्क १६ च्या शेवटी विश्वासणारे सर्प उचलतील आणि विष प्याले तरी बाधणार नाही, असे आहे. तेही मागाहून जोडलेले आहे असे ऐकले. येथे तर जिवाशी गाठ आहे.

तळटीप

बाई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत अवघड आहे. सिनायटिकस आणि व्हॅटिकनसमध्ये मार्कचे शुभवर्तमान १६:८ येथे, स्त्रिया भ्याल्या होत्या, या वाक्यावर संपते. आरंभीच्या मंडळीतील अभ्यासक युसेबियस आणि जेरोम यांनीही पुढचा भाग बहुतेक ग्रीक प्रतींत नाही असे नोंदवले. पण इरेनियसने एकोणिसावे वचन मार्कचे म्हणून उद्धृत केले आहे, आणि इरेनियस या दोन्ही हस्तलिखितांहून दीडशे वर्षांहून अधिक जुना. येथे मंडळीचे लेखन हस्तलिखिताच्या आधीचे ठरते. त्यामुळे एवढेच खात्रीने म्हणता येते की तो भाग दुसऱ्या शतकात प्रचारात होता. तो मार्कच्या हातचा होता असे मात्र शैलीवरून आणि जोडावरून बहुतेकांना वाटत नाही.

अमेरिकेच्या ॲपालेशिया डोंगराळ भागात १९१० च्या सुमारास जॉर्ज हेन्सलीने याच वचनावर साप हाताळण्याची उपासना सुरू केली. १९५५ मध्ये तो सर्पदंशानेच गेला. मंडळीच्या आरंभीच्या लेखनात साप हातात घेणे हा उपासनेचा भाग म्हणून दिसत नाही. पाठ संशयित, आणि वापराची परंपरा नाही. दोन्ही बाजू एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा निर्णय सोपा असतो.

सुईण_बाई

आमच्या तालुक्यात घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत. मी पाळकसाहेबांना हे वाचून दाखवीन.

केडगावची_लेक

इतका वेळ वाचत होते. आपल्या मराठी मातीत हा प्रश्न एका बाईने प्रत्यक्ष जगून दाखवला, तिचे नाव अजून आले नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचा तेथील मठातल्या भगिनींशी (नन्सशी) त्रैक्यावर आणि मंडळीच्या अधिकारावर पत्रांतून वाद सुरू झाला. धर्मगुरूंनी सांगितले म्हणून मानणे त्यांना मंजूर नव्हते. बायबलमध्ये काय आहे ते स्वतः पाहून ठरवणार, ही त्यांची भूमिका होती. पुढे त्यांचा विश्वास स्थिरावला, पण सवय तीच राहिली. म्हणूनच उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले. केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांनीच त्याची छपाई केली. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आले.

वाडवळांचे म्हणणे मला कळते, पण मूळ भाषेशी भिडण्याचा अधिकार आमच्याकडे खिळे जुळवणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून कमावलेला आहे, तो मी सहज सोडणार नाही.

वाडवळ_वसई

ताई, तो सोडायला कोण सांगतो? रमाबाई वाचत होत्या तो ग्रीक मजकूर तरी त्यांच्यापर्यंत कोणी आणला, एवढेच माझे म्हणणे. मठांत बसून नकला करणारे नसते तर भाषांतराला काय उरले असते?

केडगावची_लेक

आणि त्याच नकला करणाऱ्यांनी समासातली टीपही आत घेतली. येथे आपण बरोबरीत सुटलो.

नगरचा_थोमा

सर्वांचे मनापासून आभार. काल वर्ग झाला. सर्वांत आधी ‘सुशिक्षण’ हाच शब्द घेतला. तीताच्या पत्रातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ निकोप, निरोगी असा आहे, आणि लूक ५:३१ मध्ये निरोग्यांना वैद्याची गरज नाही असे प्रभू म्हणतो तेथेही तोच शब्द आहे. मग तीमथ्याच्या पत्राचे ते पान दाखवले. बारीक थीटा दिसल्यावर पहिल्या रांगेतल्या आजीबाई उठून भिंतीपाशी गेल्या आणि बोट लावून पाहून आल्या.

१ योहान ५:७ विषयी मी तीन गोष्टी सांगितल्या. ते वाक्य योहानाचे नाही. त्यावाचून पेशित्ता वाचणाऱ्यांचा आणि अथनेशियसचा विश्वास उभा होता. आणि दिदाखेच्या सातव्या भागात तिघांच्या नावाने बाप्तिस्मा द्यायला सांगितले आहे. यावर मंडळीतील एका वडीलजनांनी नेमका आक्षेप घेतला की दिदाखेचे १८७३ मध्ये सापडलेले हस्तलिखित तर इ.स. १०५६ चे आहे, ते जुने कसे? माझी भंबेरी उडाली. प्रत उशिराची असली तरी तीतला मजकूर जुना असू शकतो, एवढे कसेबसे बोललो.

सुवार्तिक आले नव्हते. मोबाइलवाल्याने कबूल केल्याप्रमाणे अर्धे मागे घेतले. वडिलांच्या बायबलमधले ते वचन मी खोडलेले नाही. शेजारी पेन्सिलीने ‘समासातून आत’ एवढे लिहिले आहे.

पण निघता निघता आजीबाईंनी विचारले, “मग योहान आठमधली, दगड मारायला आणलेली ती बाई पण नव्हती का रे?” मी पुढच्या बुधवारवर ढकलले आहे.

पोथीशाळा

पेन्सिलीने समासात लिहिलेत खरे, पण पुढच्या नकलाकारापासून सांभाळा.

तळटीप

आजीबाईंसाठी : तो वृत्तांत पपायरस ६६ व ७५ या योहानाच्या फार जुन्या प्रतींत नाही आणि सिनायटिकस व व्हॅटिकनसमध्येही नाही, बेझीच्या कोडेक्समध्ये, म्हणजे पाचव्या शतकाच्या सुमारास, आहे. पण व्यभिचाराचा आरोप असलेल्या बाईला प्रभूने सोडून दिल्याची गोष्ट तिसऱ्या शतकातील सुरियातल्या एका मंडळीच्या नियमग्रंथाला ठाऊक आहे, आणि तो ग्रंथ ती बिशपांनी पश्चात्ताप करणाऱ्यांशी कसे वागावे हे सांगण्यासाठी वापरतो. शिवाय काही हस्तलिखितांत ती योहानात नसून लूकच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी येते. गोष्ट हातात होती, ती कोठे ठेवायची हे नकलाकारांना कळत नव्हते, असे वाटते. वर्ग तेथून सुरू करा, आणि आजीबाईंना पहिल्याच रांगेत बसवा.